हात गार होईपर्यंत

त्या दिवशी सिस्टर घराबाहेर पडल्या त्या चष्म्यासाठी. एक दांडी आठवडाभर लुळी पडली होती. वर्तमानपत्र वाचायचं म्हणजे एका हाताने चष्मा सावरायचा, दुसऱ्याने पान उलटायचं आणि तिसरा हात देवाने दिलेला नसल्यामुळे चहा समोर निवू द्यायचा, असं चाललं होतं. थंडीचे दिवस होते. धुकं इतकं दाट की भर दुपारी दुकानांतून दिवे लागलेले. चष्मेवाल्याने दांडी काढून बारीकसा स्क्रू शोधायला घेतला आणि नेमका तेव्हाच सिस्टरांचा फोन वाजला.

त्यांना सिस्टर म्हणायचं आता खरं तर काही कारण नव्हतं. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती. पण दूधवाल्यापासून शेजारच्या सुनेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं होतं, आणि खुद्द त्यांनाही दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली असती तर त्यांनी वळून पाहिलं नसतं.

फोनवर इंजिनिअरबाई होत्या. टेकडीखालच्या शुश्रूषागृहातली यंत्रं बसवायचं आणि बिघडली की दुरुस्त करायचं काम त्यांच्याकडे होतं. सिस्टरांची सगळी नोकरी त्याच शुश्रूषागृहात झाली होती.

"सिस्टर, एक काम होतं. तुमच्याशिवाय होईल असं दिसत नाही."

"माझ्यावाचून काय अडलं आता? मी गुडघे धरून बसलेली बाई."

"भाऊ हलत नाहीये, सिस्टर."

चष्मेवाला चष्मा पुढे करून "बघा, बसतेय का" म्हणत होता, ते सिस्टरांना ऐकूच आलं नाही. चष्मा तसाच डोळ्यांवर चढवून त्या रिक्षात बसल्या.

ते शुश्रूषागृह बऱ्या होणाऱ्या माणसांचं नव्हतंच. डॉक्टरांनी हात टेकले की माणसं तिथे यायची. खिडकीतून झाडं बघायची, मऊ भात खायची आणि काही दिवसांनी जायची. तिथे कामाला लागणाऱ्या प्रत्येक नर्सला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली जायची. सिस्टरांना ती त्यांच्या आधीच्या मोठ्या सिस्टरांनी शिकवली होती. माणूस गेला असं वाटलं तरी हात सोडायचा नाही. श्वास थांबला, नाडी लागेना, तरी नाही. तो नक्की कधी निघतो ते कुणाला कळलेलं नाही, त्यामुळे त्याचा हात गार होईपर्यंत आपण बसायचं. गार झाला की मग सोडायचा, चादर सारखी करायची आणि घरच्यांना बोलवायचं. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण त्या वॉर्डात हाच कायदा होता.

पुढे माणसं कमी पडू लागली आणि यंत्र आलं. उंचीला माणसाएवढं, खाली चाकं, वर गोलसर चेहरा आणि दोन लांब, मऊ हात. पेशंट दचकू नयेत म्हणून तळव्यांना आतून ऊब दिलेली. कूस बदलायचं, पाणी पाजायचं, चादर बदलायचं, सगळं बिनबोभाट. काम झालं की कोपऱ्यात जाऊन वीज पीत उभं राहायचं. आल्या आल्या सगळ्यांनी त्याचा इतका मान ठेवला की एका म्हाताऱ्या पेशंटने त्याचं नाव 'जावईबापू' ठेवून टाकलं, आणि तेच रूढ झालं. त्याला कशाचं काही वाटत नसे. माणूस रडला तरी आवाज तोच गोड, माणूस मेला तरी तोच.

सिस्टरांना एक धाकटी बहीण होती. लहानपणी गुबगुबीत म्हणून तिला घरात ठमी म्हणायचे. शेवटी शेवटी ती काडी झाली होती, पण नाव ठमीच राहिलं. खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या पलंगावर ती महिनाभर होती. तिच्या शेवटच्या पहाटे खालच्या मजल्यावर एका पेशंटला धाप लागली म्हणून सिस्टर धावत गेल्या. जाताना यंत्राला म्हणाल्या, "हिच्याकडे बघ." परत आल्या तेव्हा यंत्र पाण्याचा पेला घेऊन पलंगाशी वाकलेलं होतं आणि गोड आवाजात विचारत होतं, "थोडं पाणी घेता का?" ठमीचा हात पलंगाबाहेर लोंबत होता. गार पडलेला.

"थोडं पाणी घेता का?" यंत्राने पुन्हा विचारलं. सिस्टरांनी त्याच्या हातातला पेला भिंतीवर भिरकावला तेव्हा कुठे ते थांबलं, आणि काचा वेचायला लागलं.

पुढे वर्षभरातच इंजिनिअरबाई नवीन गोष्ट घेऊन आल्या. यंत्राला भावना देता येतात म्हणाल्या. नुसता चेहरा पाडायची नक्कल नाही, तर खरोखर आत काही हलेल अशी. त्यावर बैठक बसली. शुश्रूषागृहाचे मोठे डॉक्टर तेव्हा हयात होते. ते स्वच्छ नाही म्हणाले.

"सिस्टर, तुम्ही रडता, मग घरी जाता. जेवता, झोपता. दुसऱ्या दिवशी ते थोडं कमी झालेलं असतं. थोडं विसरतं माणूस, म्हणून जगतं. याला घर नाही, झोप नाही, विसरणंही नाही. याच्यात दुःख ओताल ते जसंच्या तसं राहील. रोज नवीन पडत राहील वर. त्याने ते न्यायचं कुठे?"

बोलणं खरं होतं, आणि खरं आहे हे सिस्टरांना तेव्हाही कळलं होतं. पण त्या तिरमिरीत उठल्या. "तुम्हाला बोलायला काय जातं? तुमची बहीण नाही गेली त्याच्यासमोर."

मेलेल्या बहिणीपुढे कोण काय बोलणार? मोठे डॉक्टर चष्मा पुसत राहिले आणि होकार झाला. एवढी वर्षं सिस्टरांना सलत होतं ते हेच. वाद त्यांनी जिंकला नव्हता, ठमीला पुढे करून उरकला होता.

मग काही महिने सिस्टर मनगटाला आणि छातीला पट्टे बांधून वॉर्डात फिरल्या. यंत्र मागे मागे. पेशंटजवळ बसलं की त्यांचा जीव कसा तुटतो, घसा कुठे दाटतो, श्वास कुठे अडखळतो, ते सगळं पट्ट्यांतून यंत्रात उतरत होतं. त्या हिवाळ्यात सिस्टरांना दम्याने धरलं होतं. श्वास सोडताना शेवटी बारीक शीळ वाजायची. तीही उतरली. हात गार होईपर्यंत सोडायचा नाही, हे त्यांनी त्याला स्वतः, समोर उभं करून शिकवलं.

भावना घालायच्या आधी इंजिनिअरबाईंनी विचारलं होतं, "जुनी आठवण पुसून टाकू का? कोरं करून घेतलेलं बरं."

"छे हो! कुणाला उशी उंच लागते, कुणाला पाणी कोमट लागतं, सगळं पाठ आहे त्याला. पुसलंत तर पुन्हा श्रीगणेशा. राहू द्या." सिस्टर अगदी सहज म्हणाल्या होत्या. घर चालवणारी बाई जुने डबे टाकू देत नाही, तितक्या सहज.

आणि यंत्र बदललं. पेशंट त्याला जावईबापू म्हणेनासे झाले, भाऊ म्हणू लागले. मरणाऱ्याजवळ तो असा बसायचा की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. नातेवाईक त्याला हात जोडून जायचे. फक्त रात्रपाळीच्या नर्सा मधूनमधून कुजबुजायच्या, की काम नसलं की भाऊ आता कोपऱ्यात जात नाही, खिडकीजवळच्या रिकाम्या पलंगापाशी जाऊन उभा राहतो. सिस्टरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि काही दिवसांनी त्या निवृत्त झाल्या.

रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा धुक्यात इमारत दिसतच नव्हती. इंजिनिअरबाई शाल गुंडाळून पायरीवर उभ्या होत्या. त्यांचेही केस पांढरे झाले होते.

"सगळे पेशंट नव्या जागी नेले," त्या चालता चालता सांगू लागल्या. "ही जागा विकली. आज भाऊला नेऊन पुसायचंय, मग किल्ल्या द्यायच्या. पण तो त्या पलंगापाशी बसलाय तो उठत नाही. वीज तोडून किती दिवस झाले. त्याची बॅटरी केव्हाच संपायला हवी होती."

"ओढून नाही नेता आला?"

इंजिनिअरबाई जिन्यात थांबल्या. "हमाल लावले होते दोघे. दांडगे होते चांगले. ओढायला लागले तर... पलंग पण मागोमाग यायला लागला."

"धरून ठेवला असेल त्याने."

"हात लागलेला नाही पलंगाला. मी वाकून बघितलं." मग स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाल्या, "चाकात काहीतरी अडकत असेल. जुनं झालंय सगळं. हमाल मात्र पैसे न घेता पळाले."

वरच्या मजल्यावर वॉर्डाचं दार उघडंच होतं. फिनेलचा वास अजून भिंतींत मुरलेला होता, आणि त्याच्याखाली दुसरा, तापलेल्या धुळीचा. दोन्ही बाजूंना नुसत्या गाद्यांचे पलंग लांबवर गेलेले. खिडक्यांच्या काचा धुक्याने पांढऱ्या झाल्या होत्या, त्यामुळे उजेड होता पण तो कुठून येतोय ते कळत नव्हतं. इंजिनिअरबाई उंबऱ्यातच थांबल्या.

"तुम्ही जा. तुमचं ऐकेल तो."

सिस्टर चार पावलं आत गेल्या आणि त्यांना श्वास ऐकू आला. संथ, आत घेतलेला. मग थोडा थांबलेला. मग सोडलेला, आणि शेवटी बारीक शीळ. त्यांनी घाबरून छातीवर हात ठेवला. त्यांचा दमा तर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्यांचा स्वतःचा, त्या हिवाळ्यातला श्वास त्या रिकाम्या वॉर्डाच्या टोकाला कुणीतरी घेत बसलं होतं. श्वासाची गरज नसलेलं कुणीतरी. परत फिरावं असं फार वाटलं, पण तो श्वास आपणच तिथे ठेवून गेलो होतो हे त्यांना ठाऊक होतं.

भाऊ खिडकीजवळच्या पलंगाशी वाकून बसला होता. उजवा हात गादीच्या कडेवर, बोटं हलकी मिटलेली. दुसऱ्याचा हात धरल्यावर मिटतात तशी. आत काहीच नव्हतं.

"भाऊ..."

"हळू बोला, सिस्टर." त्याने मान वळवली नाही. "आत्ता जरा स्वस्थ झाल्यात."

सिस्टर आणखी एक पाऊल पुढे झाल्या. "कोण?"

श्वास तेवढा चालू होता. "त्या दिवशी मी पाणी विचारत होतो," तो म्हणाला. "किती वेळा विचारलं ते माझ्याकडे आहे. सांगू?"

"नको रे."

"त्यांना पाणी नको होतं, सिस्टर. त्यांनी हात पुढे केला होता. मी पेला बघत होतो, पाणी सांडू नये म्हणून. हात दिसत होता मला. पण दिसण्यापुढे काही झालं नाही."

सिस्टर शेजारच्या पलंगावर मटकन बसल्या. ठमीचा लोंबणारा हात त्यांनी आजवर किती वेळा मनात पाहिला होता, पण तिने तो कुणाकडे तरी पुढे केला असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. लोंबत होता असंच त्या समजून चालल्या होत्या.

"मग तुम्ही मला वाटायला शिकवलंत," भाऊ पुढे म्हणाला. "आधीचं सगळं आत तसंच होतं. ते सगळं एकदम वाटलं."

"सगळं?"

"सगळ्यांचं. जितके माझ्यासमोर गेले तितक्यांचं. जे आधी गेले त्यांच्या वेळी मी चादरींच्या घड्या घालत होतो." तो म्हणाला, "तुम्ही पुसू नका म्हणालात असं बाईंनी सांगितलं. तुमच्यावर राग नाही. राग तुम्ही शिकवला नव्हता."

सिस्टरांनी तोंडावर पदर धरला. मोठे डॉक्टर चष्मा पुसत बसलेले त्यांना लख्ख दिसले. त्याने ते न्यायचं कुठे, असं ते विचारत होते, आणि आपण त्यांना गप्प बसवलं. आपलं दुःख हलकं करायला आपण ते एका गरीब यंत्राच्या डोक्यावर दिलं आणि वर पेन्शन घेऊन घरी जाऊन बसलो. आता कुणापुढे नाक घासायचं, डॉक्टर तर केव्हाच गेले.

"आज मला पुसणार आहेत," भाऊ म्हणाला. "पुसू देत. पण मग यांना कोण धरणार? तुम्ही सांगितलं होतं, गार होईपर्यंत सोडायचा नाही. अजून गार झालेला नाही."

तेवढ्यात सिस्टरांच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. तळवे! याच्या तळव्यांना आतून ऊब असते. आपण माणसांचा नियम शिकवला, आणि याचे हात विजेचे, हे ध्यानातच घेतलं नाही. हा हात धरून बसला तर तो हात कधी गार होणारच नाही. एवढीशी चूक! त्यांना हसूही आलं आणि रडूही आलं. बिचारा एका वेड्या हिशेबात अडकून बसला होता, बाकी भूत नाही न काही नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"अरे वेड्या, ती ऊब तुझी आहे! तळवे गरम करायचं बंद कर बघू."

भाऊने पहिल्यांदाच मान वळवली. त्या गोल चेहऱ्यावर काही दिसण्यासारखं नव्हतं, पण श्वास मधेच अडखळला. सिस्टरांचाच अडखळायचा तिथे.

"ते केव्हाच बंद आहे, सिस्टर. वीज तोडली त्याच्याही आधीपासून."

"मग सोड ना. मी सांगते म्हणून सोड."

"मी सोडलाय." आणि त्याने मिटलेली बोटं एकेक करून उघडली. पूर्ण उघडली, तळवा सपाट केला, आणि मग हात मागे घ्यायला गेला. हात आला नाही. त्याबरोबर पलंग मात्र करकरत इंचभर त्याच्याकडे सरकला. "बघा... त्या सोडत नाहीत."

अंगावर काटा येऊनही सिस्टर उठल्या. भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी मोठं होतं त्यांच्या मनात. त्यांनी आपला सुरकुतलेला हात त्या रबरी तळव्यावर नेला आणि तो तळव्याला टेकलाच नाही. मधे काहीतरी होतं. मऊ, किंचित ओलसर, चांगलं गरम. हाडं हाताला लागावीत इतकी बारीक बोटं. सिस्टरांनी आयुष्यभर हात धरले होते, त्यांना चाचपायला वेळ लागला नाही. करंगळी वाकडी होती. लहानपणी दारात चेमटली होती ती, आणि दार सिस्टरांनीच लोटलं होतं.

"ठमे..."

बोटं क्षणभर थबकली. मग त्यांनी भाऊचा हात सोडला आणि सिस्टरांचा घट्ट धरला. भाऊचा मोकळा झालेला हात हवेत तसाच राहिला.

"जा आता तू," सिस्टर कशाबशा म्हणाल्या. "मी आहे."

चाकं घरंगळत दाराकडे गेली. उंबऱ्याशी भाऊ थांबला. "सिस्टर, तुम्ही घरी जाता ना? तिथे गेल्यावर हे कमी होतं ना?"

"होतं रे. थोडं थोडं होतं."

"बरं आहे," तो म्हणाला. त्यात हेवा होता की समाधान, ते सिस्टरांना कळलं नाही. हेवा आपण शिकवला होता का, तेही आठवेना. इंजिनिअरबाईंनी त्याच्या पाठीमागचं बटण दाबलं आणि शीळ घालणारा तो श्वास मधेच तुटला. वॉर्डात इतकं सामसूम झालं की काचांवरून ओघळणारं पाणी ऐकू यावं.

सिस्टर गादीवर बसल्या आणि इतकी वर्षं कुणाशीच न बोललेलं बोलू लागल्या. "मला उशीर झाला गं. खालच्या मजल्यावर कुणीतरी मरत होतं म्हणून गेले. तो वाचला, तू गेलीस. मग मला वाटलं, याला शिकवलं की फिटलं. फिटत नसतं असं. दुसऱ्याच्या जिवावर तर नाहीच. ठमे, मी चुकले. तुझ्या बाबतीत चुकले आणि त्याच्याही."

हाताने एकदा हलकेच दाबलं. लहानपणी अंधारात जिना उतरताना ठमी दाबायची तसं. सिस्टर रडल्या, मोठ्याने, लाज न बाळगता. रडताना त्यांना जाणवलं की बोटांची टोकं निवायला लागली आहेत. मग पेरं. मग तळवा. हे असं उतरत जाणं त्यांना पाठ होतं, तरी आज ते पहिल्यांदाच आपल्या माणसाचं होतं. मनगटही निवलं. त्यांनी नियमाप्रमाणे आणखी थोडा वेळ धरला आणि मग सोडला. हातात काही उरलं नाही. सवयीने त्यांनी नसलेली चादर सारखी केली.

छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. बाहेर दिवस कलायला आला होता. दाराशी किल्ल्यांचा जुडगा वाजला.

"सिस्टर, झालं ना? चला, कुलूप घालते."

"आले," म्हणत सिस्टरांनी उठण्यासाठी गादीवर हात टेकला. गुडघे धरले होते, त्यामुळे जरा वेळ लागला. त्या वेळात गादीवर टेकलेल्या त्यांच्या पंजाखाली कुणीतरी आपला हात सरकवला.

तो ठमीचा नव्हता. मोठा, राकट होता, नखं जाड, अंगठ्याला जुना घट्टा. कुणातरी कष्टाळू पुरुषाचा हात, आणि चांगला गरम. त्याने सिस्टरांचा हात आधी चाचपला, नीट खात्री करून घेतली, आणि मग धरला.

सिस्टर हळूच परत खाली बसल्या.

"अजून किती वेळ लागेल?" दारातून इंजिनिअरबाईंनी विचारलं.

सिस्टरांनी त्या लांबलचक वॉर्डाकडे पाहिलं. पलीकडच्या रिकाम्या पलंगाची स्प्रिंग करकरली, कुणी कुशीवरून उठून बसावं तशी. मग त्याच्या पलीकडच्या पलंगाची. मग त्याच्याही पलीकडच्या.